रेल्वे सिग्नलचे नवे तंत्र आणि जबाबदारीचा जुना प्रश्न

२ जून २०२३ रोजी सायंकाळी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात, बहानगा बाजार स्थानकावर, कोरोमंडल एक्सप्रेस मेन लाईनचा हिरवा सिग्नल पाहून ताशी १२८ किलोमीटर वेगाने आली आणि लूप लाईनवर उभ्या असलेल्या, लोहखनिजाने भरलेल्या मालगाडीवर आदळली. तिचे घसरलेले डबे शेजारच्या मार्गावर फेकले गेले आणि त्याच वेळी तेथून जाणाऱ्या यशवंतपूर-हावडा एक्सप्रेसच्या शेवटच्या डब्यांवर ते आपटले. २९० हून अधिक माणसे प्राणास मुकली. बंगाल, बिहार व ओडिशातून पोटासाठी दक्षिणेकडे निघालेले मजूर त्यांत मोठ्या संख्येने होते.

हा अपघात जुनाट केबिनमधील गंजलेल्या लिव्हरमुळे झालेला नव्हता. या स्थानकावर इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग होते. आधुनिकीकरणाचे भूषण म्हणून सरकार जे तंत्र पुढे करीत आले तेच हे तंत्र. ३१ मे २०२३ पर्यंत, म्हणजे अपघाताच्या दोनच दिवस आधीपर्यंत, देशातील ६,४२७ स्थानकांवर विजेवर चालणारी किंवा इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग व्यवस्था बसविण्यात आल्याचा आकडा सरकार स्वतःच देत होते. आकडा खरा होता आणि अपघातही खरा होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, याचे उत्तर केवळ अभियांत्रिकीत सापडणार नाही. ते श्रमसंबंधांत, खर्चाच्या अग्रक्रमात आणि जबाबदारीच्या वाटपात शोधावे लागेल.

सिग्नलच्या इतिहासाचा अर्थ

सिग्नल यंत्रणा ही कोणा एका प्रतिभावंताची निर्मिती नव्हे. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक सुधारणेमागे एखादा अपघात आहे, आणि प्रत्येक अपघातामागे आधी माहीत असलेला पण पैशाअभावी किंवा नफ्यापायी टाळलेला एखादा उपाय आहे.

सांधे आणि सिग्नल यांना परस्परांशी यांत्रिकरीत्या जखडून ठेवायचे, म्हणजे सांधा योग्य दिशेला बसल्याखेरीज सिग्नल उतरताच कामा नये, ही इंटरलॉकिंगची कल्पना इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी याने १८५६ साली पेटंट केली. एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, ही ब्लॉक पद्धतही त्याच सुमारास ठाऊक झालेली होती. तरीही तेथील खासगी कंपन्यांनी या सुधारणा सरसकट लागू करण्यास तीन दशके टाळाटाळ केली. दोन गाड्यांमध्ये ठरावीक मिनिटांचे अंतर ठेवले की पुरे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीला निघालेल्या मुलांच्या गाडीचे सुटलेले डबे उतारावरून मागे घरंगळत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण मेले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून ब्लॉक पद्धत, इंटरलॉकिंग आणि आपोआप लागणारे ब्रेक या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. तीस वर्षे जे 'परवडत नव्हते' ते त्या वर्षी एकाएकी परवडू लागले.

त्याआधी १८७६ साली ॲबट्स रिप्टन येथे बर्फाने जखडलेले सिग्नल 'मार्ग मोकळा' अशाच स्थितीत अडकून राहिले आणि अपघात झाला. त्यातून धडा घेतला गेला की सिग्नलची नेहमीची स्थिती धोक्याची असावी, आणि गाडीला वाट देण्यापुरताच तो बदलावा. १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने रुळांतूनच वीजप्रवाह खेळविणारे ट्रॅक सर्किट सिद्ध केले. त्यात तार तुटली, वीज गेली वा रूळ मोडला तरी सिग्नल लालच होतो. यंत्राने बिघडताना सुरक्षिततेच्या बाजूने बिघडावे, हे सिग्नलशास्त्राचे पहिले सूत्र तेव्हापासून आजतागायत कायम आहे. रिले गेले, संगणक आले, तरी सूत्र तेच राहिले.

या इतिहासाची एक दुसरी बाजूही आहे आणि ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. १८९२ साली इंग्लंडमध्ये थर्स्कजवळील मॅनर हाऊस केबिनमधील सिग्नलमनची तान्ही मुलगी मरण पावली. तो ३६ तास जागा होता. आपण कामावर येण्याच्या स्थितीत नाही, बदली माणूस द्यावा, अशी विनंती त्याने केली. ती मान्य झाली नाही. रात्री त्याचा डोळा लागला, मालगाडी उभी असल्याचे तो विसरला आणि दहा जण मेले. खटला त्याच्यावर चालला व ज्यूरीने त्याला दोषी ठरविले. परंतु न्यायाधीशाने त्याला शिक्षा न देता सोडून दिले. पुढच्याच वर्षी रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांविषयीचा कायदा तेथे संमत झाला. सिग्नलमनची झोप हाही सिग्नल यंत्रणेचाच एक भाग आहे, हे १३० वर्षांपूर्वी अशा रीतीने मान्य करावे लागले.

बहानगा बाजारने काय उघडे केले

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीचा निष्कर्ष सरकारने जुलै २०२३ मध्ये संसदेत लेखी उत्तरात सांगितला. स्थानकाच्या उत्तरेकडील सिग्नल गुमटीत पूर्वी केव्हातरी सर्किटमध्ये केलेल्या बदलातील चुका, आणि अपघाताच्या दिवशी ९४ क्रमांकाच्या फाटकाचा विजेवर चालणारा अडसर बदलण्याचे काम करताना झालेल्या चुका, या दोहोंमुळे सांधा लूप लाईनकडे वळलेला असतानाही मेन लाईनचा हिरवा सिग्नल मिळाला.

सोप्या भाषेत याचा अर्थ असा: सांधा कोणत्या बाजूला आहे हे इंटरलॉकिंगच्या यंत्राला तारांवरून कळते. पेटीतील तारांवरची अक्षरे आणि प्रत्यक्ष जोडणी यांचा मेळ नव्हता. कागदावरील नकाशा एक सांगत होता आणि पेटीतील तारा दुसरेच. कामगाराने नकाशाकडे पाहून तार जोडली आणि यंत्राला खोटी माहिती मिळाली. यंत्राने आपले काम चोख केले. मिळालेल्या माहितीवर त्याने अचूक निर्णय दिला. नव्या तंत्राचे मर्म आणि मर्यादा दोन्ही येथे दिसतात. लिव्हर ओढणाऱ्या सिग्नलमनला सांधा अडला तर हाताला कळत असे. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत ते कळणे तारांवर, नकाशांवर आणि तपासणीवर सोपविलेले असते. तंत्र जितके प्रगत, तितकी नोंदी राखणाऱ्या, चाचणी घेणाऱ्या, सही करण्याआधी पुन्हा मोजून पाहणाऱ्या कुशल माणसाची गरज अधिक. यंत्र आले म्हणून माणूस कमी केला, हे गणित सिग्नलच्या बाबतीत मुळातच चुकीचे आहे.

इशारे मिळाले नव्हते असेही नाही. १६ मे २०२२ रोजी त्याच खरगपूर विभागात बांकडा नयाबाज स्थानकावर चुकीच्या जोडणीमुळे अशीच घटना घडली होती. तिच्यापासून बोध घेऊन सुधारणा केल्या असत्या तर बहानगा बाजारचा अपघात टळला असता, असे सुरक्षा आयुक्तांनीच म्हटले. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी कर्नाटकातील होसदुर्ग रोड स्थानकावर सिग्नल एका मार्गाचा व सांधा दुसऱ्या मार्गाचा अशी स्थिती निर्माण झाली. चालकाने वेळीच गाडी थांबविली म्हणून अनर्थ टळला. दुसऱ्याच दिवशी दक्षिण पश्चिम रेल्वेच्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने पत्र लिहून यंत्रणेत गंभीर दोष असल्याचा इशारा दिला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत बालासोर घडले.

आणि मग काय झाले? केंद्रीय अन्वेषण विभागाने सिग्नल खात्यातील तिघा कर्मचाऱ्यांना अटक केली. त्यांचा व्यक्तिगत दोष किती हे न्यायालय ठरवील. परंतु चुकीचा नकाशा वर्षानुवर्षे कोणी मंजूर ठेवला, गाड्या न थांबविता काम उरकण्याची सक्ती कोणी केली, बांकडा नयाबाजचा अहवाल कोणत्या कपाटात पडून राहिला, या प्रश्नांसाठी कोणतेही कलम लावण्यात आले नाही. चौकशीचा संपूर्ण अहवालही सरकारने स्वतःहून जनतेपुढे ठेवला नाही. सिग्नल बिघडला तर तो लाल होतो. प्रशासन बिघडले तर ते हिरवेच राहते, आणि तांबडा दिवा फक्त खालच्या पायरीवरील कामगाराच्या दारात लागतो.

मृत चालकावरील आरोप

१७ जून २०२४ रोजी उत्तर बंगालमध्ये रंगापानी स्थानकाच्या पुढे कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडीने धडक दिली व दहा जण मेले. मालगाडीचा चालकही त्यांत होता. मृतदेह बाहेर काढण्याचे काम चालू असतानाच रेल्वे मंडळाच्या सर्वोच्च स्तरावरून सांगण्यात आले की मालगाडीच्या चालकाने सिग्नल पाळला नाही. जो बोलू शकत नव्हता त्याच्यावर निकाल देण्यात आला.

नंतर सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीतून जे पुढे आले ते वेगळेच होते. त्या मार्गावरील स्वयंचलित सिग्नल पहाटेपासूनच नादुरुस्त होते. अशा वेळी गाड्या कागदी परवान्यावर सोडल्या जातात. मालगाडीच्या चालकाला लाल सिग्नल ओलांडण्याचा परवाना देण्यात आला होता. पण किती वेगाने जावे याचा स्पष्ट आदेश त्यात नव्हता. नियमानुसार मंद गतीने, प्रत्येक सिग्नलपाशी थांबत जाणारी गाडी बहुधा एकटी कांचनजंगाच होती. त्या सकाळी त्याच कागदावर गेलेल्या इतर गाड्यांच्या चालकांनीही नियमाचा अर्थ वेगळाच लावला होता. एक चालक चुकला तर दोष चालकाचा असू शकतो. एकामागून एक चालक तसेच चुकत असतील तर दोष प्रशिक्षणाचा व आदेशाचा असतो. आयुक्तांनी हा अपघात जणू घडण्याची वाटच पाहत होता अशा अर्थाचा अभिप्राय दिला, अनेक पातळ्यांवरील गैरव्यवस्थेवर बोट ठेवले आणि 'कवच' प्रणाली सर्वाधिक अग्रक्रमाने बसविण्याची शिफारस केली. त्या मार्गावर तोवर 'कवच' नव्हते.

स्वयंचलित सिग्नलमुळे गाड्यांमधील अंतर कमी होते आणि त्याच मार्गावर अधिक गाड्या धावू शकतात. हा या तंत्राचा मोठा लाभ आहे. परंतु ते बंद पडताच गाड्यांची दाटी तशीच राहते आणि संरक्षण मात्र एका छापील कागदावर येऊन ठेपते. बिघाडाच्या वेळी काय करायचे याचे प्रशिक्षण, पुरेसे कर्मचारी आणि दुरुस्तीची त्वरित व्यवस्था नसेल तर नवे तंत्र धोका कमी न करता तो एका क्षणासाठी साठवून ठेवते.

'कवच'ची रखडलेली वाट

'कवच' ही चांगली प्रणाली आहे, हे प्रथम निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. रुळांमध्ये बसविलेल्या खुणांच्या पट्ट्या, स्थानकातील यंत्रणा, रेडिओ मनोरे आणि इंजिनातील संगणक यांच्या साहाय्याने ती चालकाला पुढच्या सिग्नलची स्थिती केबिनमध्येच दाखविते, आणि चालकाने लाल सिग्नल ओलांडण्याचा धोका निर्माण होताच आपोआप ब्रेक लावते. दाट धुक्यात, थकव्यात, रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी चालकाला तिचा आधार होतो. ती देशातच विकसित झाली आहे. कामगारवर्गाने अशा तंत्राचे स्वागतच केले पाहिजे. यंत्राला शत्रू मानणे ही कामगार चळवळीने फार पूर्वी मागे टाकलेली अवस्था आहे.

प्रश्न आहे तो गतीचा व अग्रक्रमाचा. टक्कर टाळणाऱ्या देशी यंत्रणेचा पहिला मोठा प्रयत्न कोकण रेल्वेने केला. १९९९ साली ऑगस्टमध्ये गैसल येथे झालेल्या भीषण टकरीनंतर त्याला चालना मिळाली. ती यंत्रणा ईशान्य सीमा रेल्वेवर बसविण्यातही आली. पण उपग्रहाद्वारे मिळणाऱ्या स्थाननिश्चितीला शेजारशेजारच्या रुळांतील फरक खात्रीने ओळखता येईना आणि स्वयंचलित सिग्नलच्या दाट मार्गांवर ती उपयोगी ठरली नाही. प्रयोग फसणे हा विज्ञानाचा नियमच आहे. त्यात लाज नाही. २०१२ च्या सुमारास नव्या प्रणालीचे काम सुरू झाले, २०१६ च्या फेब्रुवारीत प्रवासी गाड्यांवर चाचण्या झाल्या आणि २०२० च्या जुलैमध्ये तिला राष्ट्रीय प्रणाली म्हणून मान्यता मिळाली.

त्यानंतर तीन वर्षांनी, बालासोरच्या वेळी, 'कवच' बसले होते ते १,४६५ किलोमीटर मार्गावर आणि १२१ इंजिनांत. देशातील एकूण मार्गाची लांबी ६८ हजार किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणजे शंभरातले सुमारे दोन किलोमीटर. जुलै २०२४ मध्ये प्रणालीची सुधारित चौथी आवृत्ती मंजूर झाली आणि जुलै २०२५ मध्ये मथुरा-कोटा हा ३२४ किलोमीटरचा टप्पा तिच्याखाली आला. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. पण तिचे मोजमाप घोषणांशी न करता गरजेशी केले पाहिजे.

पैसा नाही, हे उत्तर टिकणारे नाही. सरकारच्याच आकड्यांप्रमाणे मार्गावरील यंत्रणेसाठी किलोमीटरला सुमारे ५० लाख रुपये आणि एका इंजिनासाठी सुमारे ८० लाख रुपये खर्च येतो. संपूर्ण ६८ हजार किलोमीटरचा हिशेब ३४ हजार कोटींचा होतो. सुमारे १५ हजार इंजिने धरली तर आणखी १२ हजार कोटी. एकूण ४६ हजार कोटी. मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या बुलेट ट्रेनचा मूळ अंदाजच १ लाख ८ हजार कोटींचा होता. ज्या रकमेत एका मार्गावरील सधन प्रवाशांना वेग मिळतो, तिच्या निम्म्याहून कमी रकमेत देशातील प्रत्येक रेल्वे प्रवाशाला संरक्षण मिळू शकते. निवड साधनांच्या अभावातून झालेली नाही. ती वर्गदृष्टीतून झालेली आहे.

हा मार्ग कोणी दाखविला नव्हता असेही नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने २०१२ च्या फेब्रुवारीत दिलेल्या अहवालात १९ हजार किलोमीटरच्या मुख्य मार्गांवर पाच वर्षांत प्रगत सिग्नल व्यवस्था उभारावी, तिचा खर्च २० हजार कोटी रुपये येईल, असे सांगितले होते. रेल्वे मंडळापासून स्वतंत्र असे वैधानिक सुरक्षा प्राधिकरण नेमावे, ही शिफारसही त्यात होती. पाच वर्षे २०१७ साली संपली. त्या वर्षी सरकारने एक लाख कोटींचा 'राष्ट्रीय रेल संरक्षा कोष' जाहीर केला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२२ च्या अहवालात दाखवून दिले की रेल्वेने या कोषात स्वतःच्या उत्पन्नातून जे २० हजार कोटी घालावयाचे होते त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक घातलेच नाहीत, आणि कोषातील पैसा अग्रक्रम नसलेल्या बाबींवर, पाय चेपण्याच्या यंत्रांवरसुद्धा, खर्च झाला.

परदेशांचा अनुभव

खासगीकरण झाले की आधुनिक तंत्र आपोआप येते, असा प्रचार केला जातो. रेल्वेच्या मायदेशाचा अनुभव उलट आहे.

१२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शन येथे झालेल्या अपघातात ३५ जण मेले. नव्या सिग्नलचे काम करताना जुनी तार कापून बाजूला न केल्याने ती संपर्कात आली आणि जो सिग्नल लाल व्हायला हवा होता तो झाला नाही. बहानगा बाजारशी असलेले साम्य लपण्यासारखे नाही. पण तेथील चौकशी तंत्रज्ञापाशी थांबली नाही. त्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच दिवस सुटी मिळाली होती, त्याच्या कामाची दुसऱ्या कोणी स्वतंत्र तपासणी केली नव्हती, या गोष्टी अहवालात स्पष्टपणे नोंदविल्या गेल्या आणि कामाच्या तासांवर मर्यादा आली. गाडी आपोआप थांबविणारी यंत्रणा पाच वर्षांत देशभर बसवावी, अशी शिफारसही झाली.

पुढे रेल्वेचे तुकडे करून ती विकण्यात आली. १९९५ साली ही यंत्रणा खर्चाच्या मानाने फायद्याची नाही असे ठरवून सरकारने ती बाजूला सारली. वाचणाऱ्या प्रत्येक जिवामागे किती पौंड पडतील याचा हिशेब त्यासाठी मांडण्यात आला होता. ५ ऑक्टोबर १९९९ रोजी लॅडब्रोक ग्रोव्ह येथे एका नवशिक्या चालकाने लाल सिग्नल ओलांडला आणि ३१ जण मेले. तोच सिग्नल आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा ओलांडला गेला होता. ही यंत्रणा त्या गाडीत असती तर गाडी थांबली असती. रूळ व सिग्नल सांभाळणारी खासगी कंपनी २००१ साली दिवाळखोरीत गेली आणि तिचे काम पुन्हा सार्वजनिक स्वरूपाच्या संस्थेकडे सोपवावे लागले.

सार्वजनिक मालकी हेच सुरक्षिततेचे हमीपत्र आहे, असेही मात्र कोणी समजू नये. २३ जुलै २०११ रोजी चीनमध्ये वेंचौजवळ वीज पडून सिग्नल उपकरणे नादुरुस्त झाली. उपकरणांच्या रचनेतच दोष असल्याने पुढे गाडी उभी असताना मार्ग मोकळा असल्याचा संकेत दिला गेला, आणि ४० जण मेले. घाईने उभारलेले तंत्र अपुऱ्या चाचणीनिशी वापरात आणल्याचा तो परिणाम होता. चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला आणि रेल्वे मंत्रालयाच्या वरिष्ठांसह ५४ अधिकाऱ्यांवर त्यात ठपका ठेवण्यात आला. सार्वजनिक मालकीमुळे नफ्याचा अडथळा दूर होऊ शकतो. परंतु कामगारांचे नियंत्रण, मोकळी टीका आणि जबाबदारी वरपर्यंत नेण्याची शिस्त नसेल तर नोकरशाही तीच जागा व्यापते.

कामगार चळवळीपुढील कार्य

२०२३ च्या मध्यास भारतीय रेल्वेत 'क' वर्गाची सुमारे अडीच लाख पदे रिक्त होती. जी पदे आहेत त्यांवरील ताण याच आकड्यातून समजतो. १९८९ च्या रेल्वे कायद्याने 'मूलतः खंडित' ठरविलेल्या कामासाठी आठवड्याला ७५ तासांपर्यंत राबविण्याची मुभा ठेवली. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात कामगार विश्रांती घेतो, असे यामागचे गृहीत आहे. प्रत्यक्षात गाड्यांची दाटी वाढली तसा हा मधला वेळ आटत गेला. जून २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेतील लोको पायलटांनी दहा तासांची पाळी व साप्ताहिक विश्रांती यांसाठी आंदोलन केले. १९७४ च्या ऐतिहासिक संपातही कामाचे तास हा एक कळीचा प्रश्न होता. पन्नास वर्षांनंतर तोच प्रश्न पुन्हा मांडावा लागतो, हे सत्ताधाऱ्यांइतकेच कामगार संघटनांनाही विचार करावयास लावणारे आहे.

कारण येथे आत्मपरीक्षणास जागा आहे. सिग्नल व दूरसंचार खात्यातील कामगार संख्येने थोडे आणि स्थानकास्थानकांवर विखुरलेले आहेत. संघटनांनी त्यांच्या भत्त्यांच्या व बढत्यांच्या मागण्या मांडल्या. परंतु सुरक्षिततेचे तांत्रिक प्रश्न बहुतांशी अधिकाऱ्यांवर सोपवून दिले. अपघातानंतर अटक झालेल्या सहकाऱ्याचा बचाव करण्यापुरतीच चळवळ जागी होते. अपघाताआधी चुकीच्या नकाशावर बोट ठेवण्याचे काम मात्र राहून जाते. ही उणीव भरून काढल्याखेरीज प्रवासी जनता रेल्वे कामगारांच्या लढ्याला आपला लढा मानणार नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सुरक्षिततेशी संबंधित सर्व रिक्त पदे कायमस्वरूपी भरली जावीत आणि सिग्नलच्या देखभालीतून कंत्राटी पद्धत हद्दपार व्हावी. सर्किटमधील कोणताही बदल मंजूर नकाशा, वाहतूक थांबवून मिळालेला पुरेसा वेळ आणि दुसऱ्या व्यक्तीने केलेली स्वतंत्र चाचणी यांशिवाय होऊ नये. या अटी पुऱ्या झालेल्या नसताना सही करण्यास नकार देण्याचा हक्क तंत्रज्ञाला कायद्याने मिळावा. थोडक्यात टळलेल्या अपघाताची माहिती देणाऱ्या कामगाराला शिक्षेपासून संरक्षण असावे. ७५ तासांची तरतूद रद्द होऊन चालक, स्टेशनमास्तर, सांधेवाले व फाटकवाले या सर्वांना आठ तासांची पाळी मिळावी. रेल्वे सुरक्षा आयुक्तांचे अहवाल पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध व्हावेत, आणि काकोडकर समितीने सुचविलेले स्वतंत्र प्राधिकरण, कामगार प्रतिनिधींसह, अस्तित्वात यावे. 'कवच' सर्व मार्गांवर बसविण्याचा कालबद्ध कार्यक्रम संसदेपुढे यावा. तसेच लखनौच्या संशोधन संस्थेत सार्वजनिक पैशातून निर्माण झालेल्या ज्ञानाचा लाभ काही खासगी पुरवठादारांपुरता मर्यादित न राहता भायखळा, पोदनूर, गोरखपूर येथील रेल्वेच्या स्वतःच्या सिग्नल कारखान्यांना त्या उत्पादनात वाटा मिळावा.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून रोज लक्षावधी श्रमिक प्रवास करतात. त्या मार्गांवर चालकाला साहाय्य करणारी इशारा यंत्रणा देशातील इतर मार्गांच्या कित्येक वर्षे आधी आली. गर्दीच्या दबावामुळे आणि जागरूक प्रवाशांमुळे ती आली. याचा अर्थ एवढाच की मागणी संघटित असेल तेथे तंत्र लवकर पोहोचते. बिहार-बंगालच्या मजुरांनी भरलेल्या अनारक्षित डब्यांमागे असा दबाव नव्हता, आणि बहानगा बाजारला त्यांनीच सर्वांत मोठी किंमत मोजली.

म्हणून नागपूर, भुसावळ, सोलापूर, मनमाड वा कल्याण येथेच नव्हे, तर खरगपूर, सिकंदराबाद, इटारसी, हुबळी अशा जेथे जेथे रेल्वे कामगारांत कार्य करणारे सभासद आहेत तेथे हा विषय शाखेच्या बैठकीत आला पाहिजे. आपल्या विभागातील किती स्थानकांवर नकाशे व तारा जुळतात, सिग्नल खात्यात किती पदे रिक्त आहेत, बिघाडाच्या काळात परवान्यावर गाड्या चालविण्याचे प्रशिक्षण शेवटचे केव्हा झाले, ही माहिती कामगारांकडूनच गोळा होऊ शकते. ती पत्रकांतून प्रवाशांपर्यंत आणि लोकप्रतिनिधींमार्फत संसदेपर्यंत नेता येते.

आर्मानंतर इंग्लंडमध्ये कायदा व्हायला काही आठवडे पुरले, कारण तीस वर्षांचा असंतोष त्यामागे उभा होता. भारतात बालासोर घडून गेले आहे. त्यामागे उभा राहील असा असंतोष संघटित करणे हे काम कोणतेही यंत्र करणार नाही.